मास्तरांच्या घरचं मत

निवडणूक जिंकलेल्या माणसाकडे किस्से नसतात. त्याला वेळच मिळत नाही बिचाऱ्याला. किस्से साठतात ते हरलेल्यांकडे. चार हरलेले एका बाकावर बसले आणि चहा आला, की एकाचं बोलणं संपायच्या आत दुसरा "अरे, ते काहीच नाही" म्हणून सुरू होतो. आमच्याकडे एकाच निवडणुकीचे इतके किस्से आहेत की माझ्या नातीनं एकदा विचारलं, "आजोबा, तुमची ती निवडणूक किती वर्षं चालली होती?"

ती देशाची पहिली निवडणूक. संस्थानं नुकतीच विलीन झालेली, बुऱ्हाणपूर अजून नागपूरच्या राज्यात. मी चोवीस वर्षांचा, शाळेत नवा लागलेला मास्तर. आमचे हेडमास्तर महाजन. ते, मी, शनवारा दरवाज्याजवळचा तुकाराम शिंपी आणि हातमागावर लुगडी विणणारे करीमचाचा असे चौघं रोज संध्याकाळी तुकारामाच्या दुकानात बसत असू. पुढे तेच आमचं इलेक्शन ऑफिस झालं. खुर्ची एकच होती आणि तिच्यावर शिलाईला आलेले कपडे असत.

* * *

मतदारयाद्या करायचं काम सरकारनं शाळामास्तरांच्या गळ्यात मारलं होतं. महाजन मास्तर आणि मी वह्या घेऊन ताप्तीच्या राजघाटाकडच्या वस्तीत दारोदार फिरत होतो. पुरुषांची नावं भराभर व्हायची. बायकांपाशी गाडी अडायची.

"तुमचं नाव सांगा, बाई."

"गणूची माय लिहा ना, भाऊ."

"ते झालं. पण गणू व्हायच्या आधी काय म्हणत होते तुम्हाला?"

"सूनबाई."

"आणि लग्नाच्या आधी?"

बाई विचारात पडली. मग म्हणाली, "लग्नाच्या आधी तं मी लहान होती!"

एका म्हातारीनं तर मला खुणेनं परसात बोलावलं, इकडेतिकडे बघितलं आणि कानात नाव सांगितलं. मी लिहिता लिहिता मोठ्यानं उच्चारलं, तर तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला. "हळू लिही ना, बापा! घरात जावई आहे!"

तेवढ्यात वरून हुकूम आला. अमक्याची माय, तमक्याची बायको चालणार नाही. ज्या बाईनं स्वतःचं नाव सांगितलं नसेल तिला यादीतून काटा. मास्तरांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात घातला. "पटावरून नाव काटायचं ते पोरगं गाव सोडून गेलं तर. ह्या बाया तर घरातच बसलेल्या आहेत," म्हणाले.

त्यांनी राममंदिरात दुपारचा वर्गच काढला. बायका जेवणंखाणं आटोपून यायच्या. नाव सांगायची लाज वाटते ना, मग लिहून द्या, असा त्यांचा हिशोब. प्रत्येकीला अर्धी पेन्सिल. त्या पेन्सिली ब्लेडनं कापायचं काम माझ्याकडे. दोन महिन्यांनी वस्तीतल्या एकूण एक बाईचं नाव यादीत आलं, आणि वस्तीतल्या एकूण एक भिंतीवर पण आलं! गेरूनं, कोळशानं, चुन्यानं. घरमालक मास्तरांकडे तक्रारी घेऊन यायचे. मास्तर जाऊन भिंती बघायचे आणि म्हणायचे, "हिची प्रगती चांगली आहे."

* * *

फॉर्म भरायचे दिवस आले तेव्हा कळलं, की आमच्या जागेवर राज्य करणाऱ्या पक्षाचे वकीलसाहेब एकटेच उभे आहेत. माणूस मोठा. तुरुंगात जाऊन आलेला, शब्दाला जागणारा, आणि सगळा मुलूख त्यांच्या पक्षाच्या मागे. त्यांच्यासमोर उभं राहून तोंड कोण फोडून घेणार? बिनविरोध होणार म्हणून मंडीत पेढे वाटले गेले. करीमचाचा आमच्यासाठीही चार घेऊन आले.

मास्तरांनी पेढा हातात घेतला तो तसाच राहिला. "म्हणजे मतदान होणारच नाही?"

"कशाला होईल? एकच तर आहेत," मी म्हटलं.

"अरे, दोन महिने बायांना घासून घासून नाव लिहायला शिकवलं. तुमचं मत देश विचारणार आहे म्हणून सांगितलं. आता काय सांगू त्यांना? देशानं विचार बदलला?"

तुकाराम सुईत दोरा ओवत होता. मान वर न करता म्हणाला, "मंग तुम्हीच ऱ्हा ना उभे!"

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शाळेचा राजीनामा दिला आणि फॉर्म भरला. तुकाराम हादरलाच. पुढे कितीतरी वर्षं तो शपथेवर सांगायचा, "मी त् सुईचं भोक हुडकू रायलो होतो. तोंडाला काही काम नव्हतं म्हणून बोललो. मास्तरनं मनावरच घेतलं!"

* * *

इथे आप्पासाहेबांना आणलं पाहिजे. आप्पासाहेब म्हणजे शाहपूरचे मोठे शेतकरी. केळी, कापूस, आणि त्या भागातली एकुलती एक जीप. ते वकीलसाहेबांचा उजवा हात. आणि ते मास्तरांचे सख्खे मेहुणे! मास्तरांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या वहिनी, ह्या आप्पासाहेबांच्या धाकट्या बहीण.

मास्तरांनी फॉर्म भरला त्या दिवशी आप्पासाहेब मंडीत चारचौघांत म्हणाले, "दाजी उभे राहिले ते ठीक आहे. पण त्यांच्या घरचं मत तरी त्यांना पडतं का ते बघू. बहीण माझी आहे!"

झालं! गावाला एवढंच पाहिजे होतं. मास्तर भाजी घ्यायला गेले तरी माळीण विचारायची, "काय मास्तर, घरचं पक्कं झालं का?" न्हाव्यानं तर वस्तरा गालावर ठेवून विचारलं.

मास्तरांना निवडणूक हरायची भीती नव्हती. हरणार हे त्यांना आमच्याआधी ठाऊक होतं. पण हे बोलणं लागलं. एकदा राजघाटाच्या पायऱ्यांवर बसलो असताना ते माझ्याशी बोलले. "दामू, सगळं गाव वकिलांकडे जाऊ दे. घरचं एक मत मला मिळालं पाहिजे रे."

"मग वहिनींना विचारा ना सरळ."

"विचारून मिळालं तर ते मत कसलं? मी बायांना काय शिकवलंय? नवऱ्यानं विचारलं तरी सांगायचं नाही."

मला त्या माणसाची फार माया वाटली, आणि थोडा रागही आला. स्वतःच शिकवलेल्या धड्यात स्वतःच अडकलेला असा उमेदवार मी पुन्हा बघितला नाही.

मग मी तुकारामाला पुढे केलं. तो एका सकाळी ब्लाउजचं माप घ्यायच्या निमित्तानं गेला आणि म्हणाला, "वहिनी, तुमचं मत काय म्हणतं?"

वहिनी तव्यापाशी होत्या. म्हणाल्या, "मत पेटीत टाकायचं असतं, भाऊ. ताटात वाढायचं नसतं." तुकाराम माप न घेताच परत आला.

* * *

आम्हाला निशाणी मिळाली शिडी. करीमचाचा खूश. "वकीलसाब के पास जीप है, अपने पास सीढ़ी है. नीचे से ऊपर जाने का काम है, मास्टर!"

लोकांना अक्षरं येत नाहीत, तेव्हा खरीखुरी शिडीच दाखवावी असं ठरलं. तुकारामाची बांबूची शिडी मी आणि करीमचाचा खांद्यावर घ्यायचो आणि मास्तर पुढे चालायचे. पहिल्या गावात शिडी उतरवली आणि एका बाईनं ती गवंड्यासाठी मागून नेली. दुसऱ्या गावात तिच्यावर चढून कुणी चिंचा पाडल्या. मास्तर कुणाला नाही म्हणायचे नाहीत. मला वाटायला लागलं की आम्ही मतं मागत नसून शिडी भाड्यानं देत आहोत, आणि तीही फुकट.

शाहपूरच्या बाजारात कमाल झाली. आम्ही पाणी प्यायला गेलो, परत आलो तर शिडी गायब! शोधत शोधत गेलो तो चौकात वकीलसाहेबांच्या पक्षाची मोठी कमान उभी राहत होती. आमच्याच शिडीवर त्यांचा माणूस चढलेला, वर झेंडा बांधतोय. करीमचाचा भडकले. "उतर, बे! दुश्मन की सीढ़ी पे चढ़ता है?"

तो माणूस घाबरला आणि शिडी हलायला लागली. मास्तर धावले, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली आणि वर बघून म्हणाले, "सावकाश. आधी गाठ नीट मार, मग उतर. वाऱ्यानं सुटेल नाहीतर."

झेंडा बांधून होईपर्यंत आमचा उमेदवार त्यांची शिडी धरून उभा होता. म्हणजे आमची शिडी!

* * *

गावात दवंडी पिटणारा लक्ष्मण एकच. त्याला दोन्ही पक्षांनी सांगून ठेवलेलं. एका दिवशी दोन्ही सभा आल्या. लक्ष्मण प्रामाणिक माणूस, एकाच दमात दोघांचं उरकायचा.

"ऐका हो ऐका! आज सांजच्याला मंडीत वकीलसाहेबांची सभा! माईक आहे, गाणं आहे, बसायला सतरंजी आहे, शेव-चिवडा आहे हो! अन् राजघाटावर महाजन मास्तरांची सभा!" इथे तो थांबला. आणखी काय आहे ते त्याला आठवेना. मग ढोलकं बडवून ओरडला, "तिथं मास्तर आहेत हो!"

तरी माणसं आली. बहुतेक सगळे मास्तरांचे जुने विद्यार्थी. आले ते आपोआप रांगा करून बसले. एक मिशीवाला सावकार उशिरा आला, तो घाटाच्या वरच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "मास्तर, आत येऊ?" आत कुठे? वर आकाश, खाली ताप्ती!

मास्तर पाऊण तास बोलले. शेवटी एकानं विचारलं, "मास्तर, निवडून आले तर आमच्या नाल्यावर पूल बांधून द्याल का?"

"नाल्याचं काम लोकसभेकडे येत नाही. ते नागपूरला मागावं लागेल."

"मंग तुम्ही दिल्लीले जाऊन काय करसाल?"

मास्तर म्हणाले, "खरं सांगू? मी घटना वाचतोय. निम्मी झालीय. उरलेली वाचून सांगतो."

करीमचाचांनी कपाळावर हात मारला. "मास्टर, वोट माँगो! सबक मत दो!"

मग मास्तरांनी सवयीनं विचारलं, "आणखी कुणाला शंका?" तर मागच्या रांगेतला एक पैलवान, दोन पोरांचा बाप, करंगळी वर करून उभा राहिला. मास्तरांनी मान हलवली आणि तो धावत सुटला.

* * *

आप्पासाहेब प्रचाराला गावात आले की जेवायला बहिणीकडेच. त्यात फरक नाही. पाटाला पाट लावून दोन्ही उमेदवारांकडचे लोक जेवायचे. जेवताना राजकारण नाही हा वहिनींचा कायदा. एकदा मांडे केले होते. आप्पासाहेबांनी तिसरा मांडा घेता घेता विषय काढला, "दाजी, अजून वेळ आहे, वकीलसाहेब म्हणत होते..." वहिनींनी त्यांच्या ताटातला मांडा उचलून परत टोपलीत ठेवला! तेवढं वाक्य आप्पासाहेबांनी पुरं केलं नाही.

पण ह्या जेवणानं आमचा घात केला. बाहेर जीप उभी, जीपला वकीलसाहेबांचा झेंडा, आणि दार महाजन मास्तरांचं. दोन तासांत गावभर झालं की मास्तर त्या पक्षात गेले. आमची दोन गावं हातची गेली. एका पाटलानं तर निरोप पाठवला, "मास्तर म्हणतील तसं करू. मास्तर तिकडे तर आम्ही पण तिकडे."

मी चिडून मास्तरांकडे गेलो. "त्यांना सांगा ना, जीप गल्लीच्या तोंडाशी लावा!"

"ऊन आहे रे. पायी यायला लावू का त्यांना?"

हा आमचा उमेदवार!

* * *

मतदानाचा दिवस. राममंदिराजवळच्या शाळेत बायकांचं बूथ. तेव्हा आतासारखा शिक्का नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर निशाणी, आणि हातातला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. अधिकारी जबलपूरकडचा, हिंदी बोलणारा, नेमका माणूस. आमच्याकडून एजंट मी. त्यांच्याकडून आप्पासाहेब.

पहिली बाई आली. स्वतःचं नाव खणखणीत सांगितलं. माझी छाती फुगली. मग अधिकाऱ्यानं विचारलं, "पति का नाम?"

बाई गप्प. मागच्या साऱ्या जणी गप्प. आम्ही दोन महिने स्वतःचं नाव शिकवलं, नवऱ्याचं नाव कसं घेतील ह्याचा विचारच कुणी केला नव्हता! नवऱ्याचं नाव असं नुसतं घेत नाहीत. शेवटी बाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली,

"ताप्तीमाईच्या पाण्याला राजघाटाची पायरी,
दगडूरावांचं नाव लिहा, करा पुढची तयारी!"

रांगेतून "वाऽऽ!" झालं. अधिकाऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, "साहेब, दगडू लिहा." मग काय, धरणच फुटलं! प्रत्येकीनं उखाणा घेतला. रांग पुढे सरकेना. ज्या आत होत्या त्या घेत होत्या, ज्या बाहेर होत्या त्या जुळवत होत्या. दुपारपर्यंत तो अधिकारीही मान डोलवायला लागला.

तेवढ्यात सुताराची बायको आली. तिनं म्हटलं,

"शेवग्याच्या शेंगा काढायला लावली मी शिडी,
माधवराव सोडत नाहीत हातातली विडी!"

आप्पासाहेब ताडकन उभे राहिले. "हरकत! शिडीचा प्रचार केला! बूथमध्ये निशाणीचं नाव घेता येत नाही!"

अधिकारी गोंधळला. त्यानं नियमांचं पुस्तक काढलं. पुस्तकात उखाण्याचं काही नव्हतं. तो बाईला म्हणाला, "माताजी, सीढ़ी छोड़के कुछ और बोलो."

सुताराची बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "का म्हणून? लग्नात हाच घेतला होता. तवा कोणी हरकत घेतली नव्हती!"

अधिकाऱ्यानं पुस्तक मिटलं आणि तिच्या हातात कागद दिला.

वहिनी दुपारी आल्या. त्यांनीही उखाणा घेतला, कागद घेतला, पडद्यामागे गेल्या आणि आल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आप्पासाहेबांनीही बघितलं. आम्हा दोघांना काही कळलं नाही.

* * *

त्याच संध्याकाळी तुकारामाच्या दुकानात दिवाणजी आले. नर्मदेकडच्या एका बारक्या संस्थानात ते चाळीस वर्षं दिवाण होते. संस्थान विलीन झाल्यावर मुलाकडे बुऱ्हाणपूरला राहायला आले. अंगात अजून अंगरखा. मत देऊन आल्याचा त्यांना फार आनंद झाला होता.

"कुणाला दिलंत, दिवाणजी?" करीमचाचांनी विचारलं.

"दोघांना."

"दोघांना कसं?"

"कागदाचे दोन तुकडे केले. एक ह्या पेटीत, एक त्या पेटीत. दोन्ही पेट्यांना मुजरा केला."

मास्तरांनी डोळे मिटले. मी म्हटलं, "अहो दिवाणजी, मत फुकट गेलं तुमचं!"

दिवाणजी माझ्याकडे दयेनं बघून हसले. "बाळ, दोन गादीवाले भांडतात तेव्हा शहाण्यानं दोघांना नजराणा पाठवावा. आमचं संस्थान असंच तीन पिढ्या टिकलं. ते खालसा झालं ह्या तुमच्या एक-मत पद्धतीनं!"

* * *

मतमोजणी खंडव्याला. गावागावातून पेट्या आल्या आणि वकीलसाहेबांची मतं डोंगरासारखी वाढत गेली. दुपारपर्यंत निकाल साफ दिसत होता. मास्तर शांत होते. ते फक्त एका पेटीची वाट बघत होते, राममंदिराजवळच्या बायकांच्या बूथवरची.

ती पेटी उघडली. आमचीच शिडीवाली. कागदांबरोबर झेंडूची फुलं निघाली, हळदकुंकू निघालं. आणि कागदही भरपूर निघाले. मी मास्तरांचा हात दाबला. मोजणीच्या अधिकाऱ्यानं पहिला कागद उलगडला आणि थांबला. कागदावर पेन्सिलीनं मोठ्या गोल अक्षरांत नाव लिहिलं होतं.

"हे बाद," अधिकारी म्हणाला. "मत कुणाचं ते ओळखू येतं." त्यानं कागद दोन्ही बाजूंना दाखवला.

दुसरा उलगडला. नाव. तिसरा. नाव. आमच्या बायकांनी घरून अर्ध्या पेन्सिली आणल्या होत्या! मी नंतर गणूच्या मायला रागावलो, तर ती उलट माझ्यावरच चढली. "दोन महिने नाव लिहायले शिकवलं, अन् नाव लिहायच्या दिवशी कोरा कागद टाकू का? मंग सरकारले कसं कळंल मी आली होती?"

आप्पासाहेब रंगात आले होते. प्रत्येक कागदाला म्हणायचे, "बाद! बाद करा, साहेब!" आणि दर वेळी मास्तर चष्मा सावरून ते अक्षर बघायचे आणि हळूच म्हणायचे, "हजर."

"बाद!"

"हजर."

"बाद!"

"हजर."

अधिकाऱ्यानंही त्यांना थांबवलं नाही. पस्तीसेक कागद तसे गेले. ह्या पेटीवरची जी काही आशा होती तीही त्यांच्याबरोबर गेली. मला रडू यायला लागलं. मास्तर मात्र वर्ग भरल्यासारखे बसले होते.

मग एक कागद आला. त्यावर छापील दोन ओळींच्या मधोमध, रेघ मारल्यासारखं सरळ लिहिलं होतं, 'मथुरा'. अधिकाऱ्यानं यादीवरून बोट फिरवलं, वरून खाली, पुन्हा खालून वर. "ह्या नावाची बाई ह्या बूथवर नाहीच."

त्यानं कागद दाखवायला पुढे केला. आप्पासाहेबांनी 'बाद' म्हणायला तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं. त्यांनी मास्तरांकडे बघितलं, मग पुन्हा कागदाकडे बघितलं.

"साहेब," ते म्हणाले, "हे एक धरून टाका."

"काय?"

"मोजा म्हणतो. आमची हरकत नाही."

अधिकारी वैतागला. "इतका वेळ प्रत्येक कागदावर ओरडलात. आणि जिचं यादीत नावच नाही तिचं मत धरू? नियम सगळ्यांना एकच. बाद!"

मी मास्तरांकडे वळून बघितलं. ह्या वेळी ते 'हजर' म्हणाले नाहीत. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत होते, आणि पुसून झाला तरी पुसतच होते. मला काही उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही बुऱ्हाणपूरला उतरलो. स्टेशनवर आप्पासाहेब जीप घेऊन उभे होते. त्यांनी मास्तरांची पिशवी उचलून आत ठेवली. जिंकलेल्या पक्षाचा झेंडा लावलेल्या जीपमधून हरलेला उमेदवार घरी निघाला, आणि रस्ताभर दोघं मेहुणे एकमेकांकडे न बघता बसले. गल्लीत जीप थांबली. आप्पासाहेब खाली उतरले नाहीत. मास्तर ओट्यापर्यंत गेले.

वहिनींचं नाव यादीत मीच लिहिलं होतं, लक्ष्मीबाई. लग्नात महाजनांनी तांदळात लिहून ठेवलेलं ते नाव; माहेरचं तिथेच सुटलं. पण घरी तेही कुणी घेत नसे. बावीस वर्षं मास्तर ओट्यावर येऊन "अगं, ऐकलं का" म्हणत आणि आतून "आले" असा आवाज येई.

त्या दिवशी मास्तर ओट्यावर उभे राहिले, घसा साफ केला आणि हाक मारली,

"मथुरा!"

आतून काही आवाज आला नाही. मग वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. त्यांनी मास्तरांकडे बघितलं, जीपमधल्या भावाकडे बघितलं, आणि तांब्या दोन्ही हातांनी धरला.

मास्तर म्हणाले, "अक्षर चांगलं आहे."